टीबीचा उपचार शेवटपर्यंत नेताना: एचआयव्ही असेल तेव्हा आणि नसेल तेव्हा

रुग्णाला एचआयव्ही असो वा नसो, औषधांना दाद देणाऱ्या टीबीच्या गोळ्या त्याच आणि मुदतही तीच, बहुतेकदा सहा महिन्यांची. तरी जगभरात अशा टीबीचे शंभरातले सुमारे ८८ रुग्ण उपचार यशस्वीपणे पुरा करतात आणि एचआयव्ही सोबत असलेल्यांत हा आकडा ८०च्या आसपास राहतो. ही तफावत मुख्यतः मृत्यूंमुळे पडते आणि त्यातले बरेचसे मृत्यू पहिल्या दोन महिन्यांत होतात. त्यामुळे घरचे लोक, आशाताई आणि उपचार सहाय्यक यांनी सर्वांत जास्त जोर याच दोन महिन्यांवर द्यायला हवा. पुढची माहिती नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या वाचकांना डोळ्यासमोर ठेवून दिली आहे. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. पण काय विचारायचं आणि कशावर लक्ष ठेवायचं हे घरच्यांना माहीत असलं, तर अर्ध्या चुका वेळेत सापडतात.

निदान झालं त्या दिवशी

टीबीचा रिपोर्ट हातात आला की त्याच दिवशी एचआयव्हीची आणि साखरेची तपासणी करून घ्या. "पुढच्या वेळी बघू" म्हटलं की महिना जातो. पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी खात्री केल्यावरच निकाल देतात. नाशिकमध्ये बरेच रुग्ण खासगी डॉक्टरांकडे जातात आणि तिथे हीच तपासणी बहुतेक वेळा राहून जाते. खासगीत उपचार घेणाऱ्याचीही निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद होणं बंधनकारक आहे. त्यालाही सरकारी गोळ्या, एचआयव्ही तपासणी आणि पोषणाचे पैसे मिळतात. डॉक्टरांकडे निक्षय क्रमांक मागा आणि तो मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

ज्याला आधीपासून एचआयव्ही आहे, त्याच्या बाबतीत काम उलट दिशेने चालतं. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं (एआरटी) मिळतात तिथे, प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारले जातात: सध्या खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. यातलं एक जरी "हो" निघालं तरी थुंकीची थेट सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश मशीनवर शोधणारी, तपासणी हवी. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर विसंबू नका. एचआयव्हीत प्रतिकारशक्ती कमी असल्यामुळे फुप्फुसात पोकळ्या कमी होतात आणि बेडक्यात जंतू थोडे उतरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली "निगेटिव्ह" येतं, रुग्ण खोकल्याचं औषध घेऊन घरी जातो आणि तीन आठवड्यांनी थेट दाखल करण्याच्या अवस्थेत परत येतो. एचआयव्हीत टीबी मानेच्या गाठींत, पोटात, छातीच्या पाण्यात, मेंदूच्या आवरणातही जास्त प्रमाणात असतो. गंभीर आजारी रुग्णाला किंवा सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या रक्तपेशींचा आकडा) दोनशेच्या खाली असलेल्याला लघवीतून टीबी शोधणारी लॅम चाचणी आणि रक्तातली क्रिप्टोकोकस या बुरशीची चाचणी होईल का, हे जरूर विचारा.

थुंकीचा नमुना सकाळचा, खोल खोकून काढलेला घट्ट बेडका असावा. डबीत नुसती लाळ गेली की चाचणी वाया जाते. नमुना उघड्या हवेत द्यावा, खोलीत किंवा रांगेत उभं राहून नव्हे.

मग पाहायचं रुग्ण घरी ठेवण्याजोगा आहे की नाही. यासाठी मशीनही फारसं लागत नाही. वजन आणि उंचीवरून बीएमआय काढा (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग). तो १४ किंवा त्याहून कमी असेल, किंवा १६पर्यंत असून पायांवर सूज असेल, श्वास मिनिटाला २४पेक्षा जास्त होत असेल, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४च्या खाली असेल, किंवा रुग्णाला आधाराशिवाय उभं राहता येत नसेल, तर गोळ्यांची पिशवी देऊन घरी पाठवू नका. दाखल करा. तामिळनाडूने २०२२पासून हीच छाननी राज्यभर सुरू केली. हा भाग इथे मुद्दाम लांबवला, कारण याच क्षणी घेतलेल्या निर्णयाने सर्वाधिक जीव वाचतात, मग रुग्णाला एचआयव्ही असो वा नसो.

गोळ्या: किती, कधी, कशा

पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेली गोळी: आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. पुढचे चार महिने त्यातून पायराझिनामाइड वगळलेली गोळी. प्रौढांसाठी संख्या वजनावर ठरते. २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ला ३, ५० ते ६४ला ४, ६५ ते ७५ला ५ आणि त्याहून वर ६. ४८ किलोच्या बाईला रोज ३, म्हणजे २८ दिवसांना ८४ गोळ्या. महिन्याच्या शेवटी पिशवीत किती उरल्या ते मोजा. "घेतल्या" या शब्दापेक्षा ही मोजणी खरं सांगते.

एका दिवसाच्या सगळ्या गोळ्या मिळून एक मात्रा. एकूण मात्रा १६८: पहिल्या टप्प्यात ५६ आणि दुसऱ्यात ११२. चुकलेल्या मात्रा सोडून पुढे जायचं नसतं. पहिल्या टप्प्यातल्या राहिलेल्या मात्रा पुऱ्या झाल्याशिवाय दुसरा टप्पा सुरू होत नाही. सगळ्या गोळ्या एकाच वेळी, सकाळी उपाशीपोटी घ्याव्यात. मळमळ फारच होत असेल तर हलकं काहीतरी खाऊन घ्या, पण दिवसभरात वाटून घेऊ नका. लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी तांबूस-केशरी होतं. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रुग्ण रक्त समजून दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतो.

दिवसाआड गोळ्या देण्याची जुनी पद्धत आता नाही. ती बदलायला एचआयव्ही मोठ्या अंशी कारण ठरला. आठवड्यातून तीनदा गोळ्या घेणाऱ्या एचआयव्हीच्या रुग्णांत रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी तयार होण्याचा धोका जास्त दिसला. रोजच्या गोळ्या आधी एआरटी केंद्रांतल्या रुग्णांना मिळू लागल्या आणि २०१७मध्ये देशभर सगळ्यांना. कुणी जुन्या आठवणीने "सोमवार, बुधवार, शुक्रवार" सांगत असेल तर ऐकू नका.

हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व देतात. एचआयव्ही, मधुमेह, गरोदरपण किंवा दारूचं व्यसन असेल तर ते आहे का हे आवर्जून तपासा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला हेही सांगायला हवं की रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा असर कमी होतो. उपचार चालू असेपर्यंत दुसरं साधन वापरावं.

एचआयव्ही असेल तर: तीन गोष्टींची जोड

पहिली, कोट्रायमॉक्साझोल. टीबीसोबत एचआयव्ही निघाला की ९६० मिलिग्रॅमची रोज एक गोळी. न्यूमोनिया आणि मेंदूच्या काही संसर्गांपासून ती वाचवते. ती स्वस्त आणि साधी दिसते, म्हणून रुग्ण सगळ्यात आधी तिलाच सोडतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

दुसरी, एआरटी. सीडी-४ कितीही असो, टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या प्रत्येकाला एआरटी द्यायची. क्रम मात्र ठरलेला: आधी टीबीच्या गोळ्या, त्या सोसल्या की दोन आठवड्यांच्या सुमारास एआरटी, आणि दोन महिन्यांच्या पुढे कुठल्याही परिस्थितीत लांबवायची नाही. सीडी-४ ५०च्या खाली असेल तर दोन आठवड्यांच्या आतच. कंबोडियातल्या कॅमेलिया अभ्यासात अगदी कमी सीडी-४ असलेल्या ६६१ रुग्णांना दोन गटांत विभागलं होतं. आठव्या आठवड्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात एआरटी सुरू केलेल्या गटात मृत्यूचा धोका ३८ टक्क्यांनी कमी निघाला. अपवाद एकच, मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा. तिथे घाई केली तर कवटीतली सूज जीवावर बेतू शकते, म्हणून चार ते आठ आठवडे थांबतात.

"आधी टीबी पूर्ण बरा होऊ दे, मग एचआयव्हीचं बघू" हा सल्ला अजूनही कानावर येतो. तो रुग्णाला मारू शकतो. डरबनच्या सॅपिट अभ्यासात टीबीचा उपचार संपेपर्यंत एआरटी लांबवलेल्यांच्या तुलनेत दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्यांत मृत्यू ५६ टक्क्यांनी कमी झाले.

तिसरी गोष्ट आहे जास्तीची डोल्युटेग्राव्हिर, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सध्याची नेहमीची एआरटी म्हणजे टीएलडी, तीन औषधांची दिवसाला एक गोळी. त्यातल्या डोल्युटेग्राव्हिरला यकृत लवकर संपवतं, कारण रिफाम्पिसिन यकृताचं ते काम वाढवतं. म्हणून टीएलडीनंतर १२ तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक डोल्युटेग्राव्हिर गोळी लागते. टीबीचा उपचार संपला तरी ती गोळी आणखी दोन आठवडे चालू ठेवायची, कारण रिफाम्पिसिनचा असर तेवढे दिवस टिकतो. टीबीच्या गोळ्या एका खिडकीवर आणि एआरटी दुसरीकडून मिळत असेल, तर ही जादा गोळी मधल्या मध्ये राहून जाते. एआरटी केंद्रात "मला टीबीच्या गोळ्या चालू आहेत, दुसरी डोल्युटेग्राव्हिर लिहिली का?" असं स्वतः विचारा. एचआयव्हीच्या लोपिनाविर किंवा अ‍ॅटाझानाविर या औषधांवर असलेल्याला रिफाम्पिसिन चालत नाही. तिथे रिफाब्युटिन द्यावं लागतं, म्हणून एकत्र गोळी सुरू होण्याआधीच चालू औषधांची पावती दाखवा.

एक नमुना वेळापत्रक, भिंतीवर चिकटवता येईल असं. सकाळी ७ला उपाशीपोटी टीबीच्या गोळ्या. ९ला नाश्ता, डोल्युटेग्राव्हिर ५० आणि कोट्रायमॉक्साझोल. रात्री ९ला टीएलडी. आता पंडुरोगासाठी मिळणारी लोहाची गोळी, कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध कुठे बसवायचं? ही तिन्ही डोल्युटेग्राव्हिरला पोटातच बांधून टाकतात, म्हणून ती डोल्युटेग्राव्हिर घेतल्यावर दोन तासांनी किंवा तिच्या सहा तास आधी घ्यावी लागतात. वरच्या वेळापत्रकात म्हणजे सकाळी ११ ते दुपारी ३. मेडिकलमधून स्वतःहून आणलेली अ‍ॅसिडिटीची बाटली कुठल्याही कार्डावर लिहिलेली नसते, म्हणून ती आहे का हे विचारूनच कळतं.

मध्येच तब्येत बिघडली तर

एआरटी सुरू झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत, कधी तीन महिन्यांपर्यंत, बरा होत चाललेला रुग्ण अचानक तापाने फणफणतो. मानेची गाठ वाढते, फुटते, छातीत पाणी वाढतं. जागी झालेली प्रतिकारशक्ती जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडल्यामुळे हे होतं. डॉक्टरांच्या भाषेत आयरिस. घरचे म्हणतात, एआरटीने वाट लावली, आणि दोन्ही औषधं बंद होतात. असं करू नका. दोन्ही चालू ठेवून दाखवायला न्या. गोळ्या नीट घेतल्या जातात का, औषधाला दाद न देणारा टीबी तर नाही ना, दुसरा संसर्ग नाही ना, हे पाहून डॉक्टर गरजेनुसार सूज कमी करणारं औषध देतात. उपचार चालू असताना बरं होतंय का हे पाहायला सीबीनॅट वापरत नाहीत. मेलेल्या जंतूंचा अंशही ते "पॉझिटिव्ह" दाखवतं. तिथे सूक्ष्मदर्शक आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहण्याची चाचणी, कामाचे.

डोळे पिवळे झाले, लघवी गडद चहासारखी झाली, भूक मेली आणि उलट्या थांबत नाहीत, तर पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टर गाठा. यकृताची तपासणी, एसजीपीटी, लक्षणं असताना मर्यादेच्या तिपटीपेक्षा किंवा लक्षणं नसताना पाचपटीपेक्षा वर गेली तर औषधं थांबवून नंतर एकेक करून परत सुरू करतात. लाल-हिरवा रंग ओळखता येईना किंवा दिसायला धूसर झालं तर इथॅम्ब्युटॉलकडे बोट जातं, लगेच सांगा. सांधे दुखणं, किरकोळ खाज, पोटात जळजळ यांवर औषध मिळतं. यासाठी टीबीच्या गोळ्या थांबवायच्या नसतात.

वजन, जेवण आणि खात्यात येणारे पैसे

दर महिन्याला वजन घ्या, त्याच काट्यावर, चप्पल काढून. झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढलेल्यांमध्ये टीबीने मरण्याचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या रुग्णाला ही वाढ म्हणजे फक्त २ किलो. त्या अभ्यासात रुग्णाला महिन्याला ५ किलो तांदूळ, ३ किलो डाळ, दीड किलो दूध पावडर आणि अर्धा लिटर तेल असा शिधा होता. आपल्याकडे नागलीची भाकरी, उडदाचं वरण, शेंगदाणे, अंडी, हरभरा यांवर तेच साधतं. महागड्या प्रोटीन पावडरीवर कर्ज काढू नका.

निक्षय पोषण योजनेचे १ नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १००० रुपये मिळतात, तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता ८४ दिवसांच्या उपचारानंतर. पैसे अडकण्याची कारणं ठरलेली आहेत: बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी, बंद पडलेलं शून्य शिलकीचं खातं, आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं. पासबुकाचा नवा झेरॉक्स पहिल्याच आठवड्यात द्या. सुरगाणा, पेठ, कळवणसारख्या अधिसूचित आदिवासी भागातल्या रुग्णाला प्रवासासाठी एकदा ७५० रुपये मिळतात. एसटीत क्षयरोग्याला भाड्यात सवलत आहे. उत्पन्न अगदी कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत टीबी आणि एचआयव्ही दोन्ही बसतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा.

हंगाम लागला की गोळ्या तुटतात

सुरगाणा-पेठकडची कुटुंबं छाटणीला आणि खुडणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर उतरतात आणि होळीला घरी परततात. उपचार तुटण्याची वेळ बहुतेक हीच. निघण्याआधी दोन दिवस आशाताईंना किंवा उपचार पर्यवेक्षकाला सांगा: "आम्ही अमुक गावच्या बागेवर चाललो, निक्षयवर बदली टाका." नव्या गावच्या आरोग्य केंद्राच्या नावावर नोंद गेली की गोळ्या तिथे मिळतात. सोबत किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या असाव्यात. एआरटी नाशिकच्या सिव्हिलमधून, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयातून घेणाऱ्याचा तर एका फेरीला अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. जवळच्या लिंक एआरटी केंद्रात जोडता येईल का, आणि टीबी-एआरटी दोन्ही गोळ्या एकाच भेटीत मिळतील का, हे विचारा. नियमाप्रमाणे एआरटी केंद्रातच दोन्ही देण्याची सोय आहे.

सलग एक महिना गोळ्या बंद राहिल्या तर नोंद "उपचार सोडलेला" अशी होते आणि परत आल्यावर थुंकीची नव्याने तपासणी करून, औषधाला दाद आहे ना ते पाहूनच पुढचं ठरतं. महिन्याच्या आत परतला तर उरलेल्या मात्रा पुऱ्या करून घ्यायच्या. परतलेल्याला कधीही रागवू नका. रागावलेलं ऐकून परत गेलेला रुग्ण तिसऱ्यांदा येत नाही.

एचआयव्हीची गोष्ट कोणाला कळावी हे रुग्ण ठरवतो. २०१७चा एचआयव्ही कायदा त्याच्या लेखी संमतीशिवाय ती सांगू देत नाही. टीबीच्या कार्डावर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिणं, गोळ्या देताना ओट्यावर मोठ्याने विचारणं, हे बेकायदा तर आहेच. शिवाय त्यामुळे माणूस उपचार सोडतो.

निकालाचा तक्ता कसा वाचायचा

तालुक्याच्या बैठकीत एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांचे आकडे समोर आले की "बरा झाला" हा एकच रकाना पाहून तुलना करू नका. सुरुवातीला थुंकीत जंतू सापडले आणि शेवटी ते नाहीत असं दिसलं तरच रुग्ण त्या रकान्यात जातो. गाठीचा, पोटाचा टीबी असलेला कितीही ठणठणीत झाला तरी तो "उपचार पूर्ण" मध्येच मोजला जातो. एचआयव्हीत असे रुग्ण जास्त असल्याने "बरा झाला" आपोआप कमी दिसतो. म्हणून दोन्ही रकाने मिळवून यश काढा आणि मृत्यू, उपचार अपयशी, उपचार सोडला, निकाल माहीत नाही हे चार वेगवेगळे ठेवा. भागिले मात्र उपचार सुरू केलेले सगळे, मेलेलेही. समजा १०० जणांनी सुरू केलं, १२ वारले, ५ हरवले, ३ अपयशी ठरले, तर यश ८० टक्के. हरवलेले पाच वगळून ८४ दाखवणं ही फसवणूक आहे.

तिसरी ओळही काढा: एचआयव्ही तपासणीच न झालेले. तपासणी होण्याआधीच वारलेले रुग्ण त्यात असतात. त्यांना "एचआयव्ही नाही" मध्ये ढकललं की खरा फरक झाकला जातो. प्रत्येक मृत्यूसमोर उपचार सुरू झाल्याची तारीख, एआरटी सुरू झाल्याची तारीख आणि मृत्यूची तारीख लिहिली तर उशीर कुठे झाला ते लगेच दिसतं.

सहा महिने संपल्यावर

शेवटची थुंकी तपासणी चुकवू नका, तिच्याशिवाय "बरा झाला" लिहिता येत नाही. एआरटी जन्मभर चालूच राहते. कोट्रायमॉक्साझोल सीडी-४ वाढून टिकल्याचं पाहून एआरटी केंद्रच बंद करतं. मग सहाव्या, बाराव्या, अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात तपासणी, कारण टीबी उलटतो तो बहुधा याच काळात. घरातल्या प्रत्येकाला टीबी नाही ना हे पाहून प्रतिबंधक गोळ्या मिळतात: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. पाच वर्षांखालची मुलं आणि घरातले एचआयव्ही असलेले यांच्यासाठी हे सहा महिने संपायची वाट न बघता, निदानाच्या त्याच आठवड्यात विचारा. अडलं तर टीबीसाठी १८००-११-६६६६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.